जाड मित्राचं बीपी नॉर्मल, मग माझंच का वाढलं?

पंचविशी-तिशीतल्या मुलांकडून हा प्रश्न अलीकडे इतक्यांदा ऐकतेय, की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. बहुतेकांना त्यांच्या डॉक्टरांनी माझ्याकडे समुपदेशनाला पाठवलेलं असतं. किडनी, थायरॉइड सगळं तपासून झालेलं असतं, गोळीही लिहून दिलेली असते. पण आत ‘मीच का?’ ठसठसत असतं.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक अनुभव सांगते. पुण्यात आयटीत काम करणारा 27 वर्षांचा मुलगा. हातपाय काटकुळे, पोट मात्र शर्टाच्या बटणांना ताण देणारं. बीपीचं मशीन बॅगेतच असायचं. मीटिंगच्या आधी मोजायचा, नंतर मोजायचा, रात्री जाग आली तरी मोजायचा. 150 दिसले की घाबरायचा, घाबरून पुन्हा मोजायचा, की आकडा आणखी वर.

“मॅडम, माझा रूममेट माझ्याहून जाड. रोज वडापाव हाणतो. त्याचं 118! मी काय पाप केलंय?”

“जन्मलास तेव्हा वजन किती होतं तुझं?”

पुढच्या वेळी तो आईलाच घेऊन आला. त्यांनी पिशवीतून जपून ठेवलेलं, घड्यांवर फाटलेलं कार्ड काढलं. दिवस पूर्ण भरलेले, वजन 2 किलो 100 ग्रॅम.

पोटात बाळाची वाढ कमी झाली, की मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळण्या कमी तयार होऊ शकतात, आणि जन्मानंतर त्यांत भर पडत नाही. पुढे अंगावर चरबी चढली, की तेवढ्याच गाळण्यांवर भार येतो आणि बीपी वाढू शकतं. त्यात आपली, भारतीयांची, शरीराची ठेवणही वेगळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून जवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास करत आले. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची, पण वजनाच्या मानाने आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी फारशी कमी नव्हती. बारीक दिसणं म्हणजे चरबी नसणं नव्हे.

हे मी मुलाला समजावत होते. डोळे भरून आले आईंचे.

“सासूबाई म्हणायच्या, कमी खा, बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल. ऐकलं मी. आणि मग तूप-साखर घालून घालून फुगवला त्याला. ताई, दोन्ही वेळा मीच केलं हो.”

(गुटगुटीत बालक स्पर्धांत बक्षिसं वाटणाऱ्यांनी तेव्हा तिथे असायला हवं होतं.)

मुलगा म्हणाला, “म्हणजे सगळं तेव्हाच ठरलं होतं. आता काही करून उपयोग नाही.”

कार्ड एकच. त्यातून आईने गुन्हा वाचला, मुलाने निकाल. घटनेपेक्षा तिला लावलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, हे मी मानते आणि काम तिथेच करते. त्यामुळे धीराचे शब्द बाजूला ठेवून मी हिशेब मागितला.

“नोकरीला लागलास तेव्हा वजन?”

“64.”

“आज?”

“75.”

“हे 11 किलोही तेव्हाच ठरले होते?”

तो बराच वेळ गप्प होता. मग आईकडे वळून म्हणाला, “ते 2100 ग्रॅम तुझ्या एकटीच्या हातात नव्हतेच गं. हे 11 किलो मात्र माझे आहेत.”

असं वाक्य समोरच्याच्या तोंडी घालता येत नाही. त्यासाठी जागा मोकळी ठेवावी लागते, आणि इतक्या वर्षांत तेवढं मला जमू लागलंय.

त्याचं म्हणणं खरंही होतं. जन्मवजनाचा बीपीवरचा परिणाम तसा लहान. आजच्या वजनाचा त्याहून बराच मोठा. जन्मताना कमी आणि पुढे जास्त, ही जोडी सगळ्यात वाईट. उलट, एक किलो उतरला की वरचा आकडा साधारण एका अंकाने खाली येतो. म्हणून रूममेटचा काटा सोडा, स्वतःच्या कमरेला टेप लावा: पुरुषांनी 90 सेंटिमीटरच्या आत, बायकांनी 80 च्या. दिवसाचं मीठ सगळं धरून 5 ग्रॅमच्या आत. पापड, लोणचं, फरसाण त्यातच आलं. बीपी डॉक्टर सांगतील त्या दिवसांतच, सकाळ-संध्याकाळ मोजा. आधी पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पट्टा दंडाला पुरेल असा घ्या, एका आकड्यावर न जाता सरासरी बघा. घरी ती 135/85 च्या वर राहिली तर डॉक्टरांना दाखवा. आणि गोळी मनाने बंद करू नका.

तो आता 70 वर आलाय, गोळी चालू आहे. आईंचा नवा प्रश्न आहे, “ताई, स्थळांना सांगायचं का हो हे?” सांगा, म्हटलं. पहिल्याच भेटीत, आणि त्यालाच सांगू दे.