कोपऱ्यात हात जातो आणि हवामान उघडतं

प्रश्न : मी मुद्रितशोधनाचं काम करतो. वर्षानुवर्षं टास्कबार, म्हणजे उघड्या प्रोग्रामांच्या बटणांची पट्टी, पडद्याच्या डाव्या कडेला उभा ठेवला, म्हणजे पानाची उंची पुरेपूर दिसते. नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. टास्कबार खालून हलतच नाही, स्टार्टचं बटण मधोमध आलंय आणि कोपऱ्यात माउस नेला की हवामानाचा फलक उघडतो. फाइलवर राइट क्लिक केलं तर अर्धा मेनू गायब. मुलगी म्हणते, "बाबा, होईल सवय." दोन महिने झाले, होत नाहीये. वयाचा दोष म्हणायचा का?

उत्तर : वयाला मध्ये आणू नका. स्टार्टचं बटण १९९५ साली आलं, ते खालच्या डाव्या कोपऱ्यात. कोपऱ्याची गंमत अशी, की तिथे नेम धरावा लागत नाही. माउस भिरकावला की बाण कडांना अडून थांबतो. मधल्या बटणाला नेम लागतो. त्यात आणखी प्रोग्राम उघडले की ते बटण डावीकडे सरकतं. सवय करायची तरी कोणत्या जागेची? पहिल्या आठवड्यात मीही न विचारता इतक्यांदा हवामान पाहिलं, की बाहेर ऊन आहे की पाऊस हे मला घरात सगळ्यांच्या आधी कळायचं.

तर आधी कोपरा परत घ्या. टास्कबारच्या रिकाम्या जागी राइट क्लिक करून टास्कबार सेटिंग्ज उघडा, खाली टास्कबार बिहेवियर्समध्ये अलाइनमेंट 'लेफ्ट' करा. हवामान आपसूक उजवीकडे पळेल.

मेनू गायब नाही, एक पायरी आत ढकललाय. शिफ्ट दाबून धरून राइट क्लिक केलं, की जुना लांबलचक मेनू थेट येतो.

खरं दुखणं उभ्या टास्कबारचं. त्यावर माझ्याकडे तडजोड आहे, उपाय नाही. २०२१ मध्ये विंडोज ११ आली ती ही सोय वगळूनच. उंची हवी असेल तर त्याच सेटिंग्जमध्ये टास्कबार आपोआप लपण्याच्या पर्यायावर खूण करा. मी तसाच वापरतो. पानाच्या तळाच्या ओळीवर क्लिक करायला गेलं की तो आगाऊपणे वर येतो, तेवढं सोसायचं. टास्कबार उभा करून देणारे बाहेरचे प्रोग्राम मिळतात, पण विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर ते बिघडतात. पोटापाण्याच्या संगणकावर मी ते घालणार नाही.

आणि कुरकुर सोडू नका. २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्टचं बटण काढलं होतं. लोकांनी एवढा गलका केला, की २०१३ मध्ये ८.१ बरोबर बटण आलं आणि २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर जुना स्टार्ट मेनूही. ११ मध्येसुद्धा टास्कबारवर फाइल ओढून नेण्याची सोय २०२२ मध्ये परत मिळाली, ती मागून घेतली म्हणूनच. विंडोजची कळ आणि एफ एकत्र दाबा, फीडबॅक हब, म्हणजे मायक्रोसॉफ्टला तक्रार कळवायची जागा, उघडेल. तिथे 'आवडलं नाही' लिहून थांबू नका. दिवसभर उभी पानं तपासता, आडव्या टास्कबारने पानाच्या दोन ओळी खाल्ल्या, असं नेमकं लिहा. मुलीकडूनही लिहून घ्या. तिला सवय झाली असली तरी काही ना काही खुपत असेलच.