‘इंग्रजी बोलायलाच हवं’ मधला ‘च’

शाळा सुरू झाल्या की माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या आयांच्या तोंडी एक प्रश्न हटकून असतो. ‘मॅडम, आमचंच इंग्रजी कच्चं. मग घरी मुलाशी इंग्रजीत बोलायचं कसं?’ कुणी डोळ्यांत पाणी आणून विचारतं, कुणी शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे रोखून बघत. इतक्यांदा ऐकलंय की त्यातली एक हकिगत आज लिहायलाच घेतली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सांगलीच्या या बाई. वय पस्तिशीच्या आसपास, नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत फिटर. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. यांची पहिली त्याआधीच झालेली, त्यामुळे एबीसीडीशी गाठ थेट पाचवीत. मुलगा मात्र इंग्रजी माध्यमात, पहिलीला. पालकसभेत शिक्षिकेने सांगितलं, ‘घरी इंग्रजीत बोलत जा.’ बाईंनी त्याच रात्री जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर वाक्यं लिहून ती फ्रिजवर चिकटवली. दोन महिन्यांत मुलगा इंग्रजी तर बोलेनाच, पण शाळेतून आल्यावर जी अखंड बडबड करायचा तीही बंद झाली.

‘कोणती वाक्यं बोलता?’ मी विचारलं.

‘रोजचीच. कम हिअर, सिट प्रॉपरली, फिनिश युअर टिफिन, डोन्ट टच, हरी अप.’

मी ती एकाखाली एक लिहिली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. ‘यातलं एक तरी वाक्य असं दाखवा, जो हुकूम नाही.’

त्यांनी दोनदा वाचलं. ‘नाहीये.’

‘त्याला ताप येतो तेव्हा काय म्हणता?’

‘तेव्हा मराठीच येतं की तोंडात.’

म्हणजे माया मराठीत आणि दटावणी इंग्रजीत. सहा वर्षांच्या पोराने इंग्रजीकडे पाठ फिरवली तर त्यात त्याचं काय चुकलं?

पण मला वाटतं, खरी गाठ याच्याही आत होती. पुढच्या भेटीत मी विचारलं, ‘समजा, त्याच्यासमोर तुमचं इंग्रजी चुकलं. मग काय होईल?’

‘त्याला चुकीचं वळण लागेल.’

‘आणखी?’

बाई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘त्याला कळेल, आईला काही येत नाही.’

आठवीत वर्गात उभं राहून ‘आय गोज’ म्हटल्यावर सगळा वर्ग हसला होता, ते मग बाहेर आलं. त्या बोलत होत्या आणि मी मनातल्या मनात एकच अक्षर मोजत होते. मला यायला‘च’ हवं. चुकता‘च’ कामा नये. त्याने बोललं‘च’ पाहिजे. माझा पिंड अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारावर पोसलेला. ‘मस्ट’ माणसाला कसं छळतं हे ते आयुष्यभर सांगत राहिले. आपल्या मराठीत तो ‘मस्ट’ एवढ्याशा ‘च’मध्ये लपून बसतो. इतक्या वर्षांच्या कामाने मला काही दिलं असेल, तर हा ‘च’ ऐकू येणारा कान दिला.

‘ताई,’ मी म्हणाले, ‘मुलगा तुमच्याकडून इंग्रजी शिकत नाहीये. चुकायची भीती शिकतोय. आणि ती तुम्ही फार मन लावून शिकवताय.’

त्या रडल्या. मी रडू दिलं. जाताना गृहपाठ दिला: फ्रिजवरचा कागद काढायचा, दिवसातून पंधरा मिनिटं हातातल्या कामाबद्दल इंग्रजीत बोलायचं आणि रोज एकदा तरी त्याला म्हणायचं, ‘मला नाही येत, तू सांग.’ एलिस यांनी स्वतः एकोणिसाव्या वर्षी बायकांशी बोलायची भीती घालवायला एका बागेत जाऊन महिनाभरात शंभरेक अनोळखी स्त्रियांशी बोलायचा सपाटा लावला होता. भीतीवर नुसता विचार पुरत नाही, पाऊल उचलावं लागतं.

पंधरा दिवसांनी बाई आल्या त्या खुर्चीत बसायच्या आधीच सांगू लागल्या. संध्याकाळी मटार सोलत होत्या. मुलगा शेजारी. त्यांनी शेंग उघडून विचारलं, ‘हाऊ मच पीज?’

तो म्हणाला, ‘आई, हाऊ मेनी!’

‘कान गरम झाले हो, मॅडम. आठवीचा वर्ग आठवला. पण मग म्हटलं, बरं बाबा, हाऊ मेनी?’

‘सेव्हन,’ तो म्हणाला. मग दुसरी शेंग त्याने स्वतः उघडली. ‘आई, धिस वन एट!’ परात भरेपर्यंत त्याचं मोजणं चालू होतं. आणि शेवटी, मराठीत, बसमध्ये एक मोठा मुलगा रोज त्याची खिडकीची जागा हिसकावून घेतो, हे त्याने सांगितलं. दोन महिने ते पोटात घेऊन फिरत होता लेकरू.

मला मोलाचं वाटतं ते हे शेवटचं. ‘सेव्हन’ आणि ‘एट’ त्याला शाळेतही आलं असतं.

म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते, इंग्रजी घरात जरूर आणा, पण पाहुण्यासारखं. घरधनी मराठीच असू द्या. रागावणं, समजूत काढणं, झोपताना कुशीत घेऊन बोलणं हे आपल्याच भाषेत. इंग्रजीला कामं हलकीफुलकी द्या: कपड्यांच्या घड्या, भाजी निवडणं, जिन्याच्या पायऱ्या. वाक्य छोटं असलं तरी पूर्ण असावं. ‘बाळा, ईट कर, मग हँड वॉश कर’ ही खिचडी मी घरोघरी ऐकते, तिच्यात एकाही भाषेतलं पूर्ण वाक्य मुलाच्या कानावर पडत नाही. ‘वॉश युअर हँड्स’ म्हणा, नाहीतर सरळ ‘हात धू’ म्हणा. मूल चुकलं तर अडवू नका. ते ‘आय गोएड’ म्हणालं, तर ‘हो का, यू वेन्ट?’ एवढंच सहज परत म्हणा. पाहुण्यांसमोर ‘पोएम म्हणून दाखव’ हे तर अजिबात नको. आणि मूल नुसतं ऐकत असेल तर ऐकू द्या. पहिला शब्द बोलायच्या आधी तान्हं बाळ वर्षभर आपलं ऐकतच असतं, तेव्हा आपण कुठे घाई करतो? प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीतही फुकट वाचायला मिळते. आधी मराठीत वाचा. गोष्ट कळलेली असली की इंग्रजी शब्दांचं ओझं होत नाही.

दिवाळीनंतरच्या पालकसभेला बाई एकट्या गेल्या आणि शिक्षिकेशी इंग्रजीत बोलल्या. दुसऱ्या दिवशी मला फोन.

‘मॅडम, सगळा वेळ मी त्याला ‘शी’ म्हणत होते. घरी आल्यावर लक्षात आलं.’

‘मग?’

‘मग काय, भाकऱ्या थापायला घेतल्या.’