उल्का, लघुग्रह आणि आपलं अस्मान

अमळनेरच्या एका सरांनी विचारलंय, अवकाशातल्या अपोफिस नावाच्या दगडाला फळ्यावर लघुग्रह लिहायचं की उल्का, कारण पोरं टीव्हीवर ऐकून उल्काच म्हणतात. सर, लघुग्रह लिहा. १३ एप्रिल २०२९ ला तो पृथ्वीपासून साधारण ३२ हजार किलोमीटरवरून निघून जाणारे, हवेला शिवणारसुद्धा नाही, मग उल्का कुठून झाली? उल्का म्हणजे हवेत शिरून पेटलेला दगड, आपल्याकडे 'तारा तुटना' म्हणतात ना, ती. तरी दर वेळी 'महाकाय उल्का धडकणार' अशी पट्टी फिरवतात, डोकं तडकतं नुसतं.

इंग्रजी शब्द तरी कुठे धड आहे? १८०२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हर्शेलने 'ताऱ्यासारखा' अशा अर्थाने ॲस्टेरॉइड काढला, कारण दुर्बिणीतून ग्रहासारखी गोल तबकडी दिसेना, रोज थोडा सरकणारा ठिपकाच दिसायचा. आपला लघुग्रह तो सूर्याभोवती फिरतो त्यावरून आलाय, म्हणून सरस.

पण खरी गंमत जमिनीवर पोचलेल्या दगडाच्या नावात आहे, अशनी. शब्दकोशवाले 'अशनी म्हणजे वीज' एवढं लिहून मोकळे होतात, हे मला अजिबात पटत नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्केचे पाच प्रकार दिलेत, त्यात अशनी आणि विद्युत वेगवेगळे आहेत, आणि अशनी मोठा आवाज करत, जमीन फाडत पडते असं स्वच्छ लिहिलंय. १८४३ साली आपल्या खानदेशातच, एदलाबादजवळ (आताचं मुक्ताईनगर) मानेगावला असा दगड पडला, आणि तो ज्या जातीचा आहे ती जात वेस्टा या लघुग्रहावरून आलेली मानतात. विजेतून दगड पडतो का कधी?

आता माझं मत. अशनी आणि अश्म एकाच घरातले. तिकडे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, अवेस्तात, अस्मन म्हणजे दगडही आणि आकाशही, त्यातूनच फारसी आसमान, आणि तेच आपलं अस्मान, अस्मानी-सुलतानीतलं. विद्वान सांगतात की जुने लोक आकाशाला दगडी घुमट समजायचे म्हणून दगडाचंच नाव आकाशाला पडलं. अहो, घुमट कोणी पाहिला होता? वरून दगड पडताना मात्र लोकांनी डोळ्यांनी पाहिलेत, मानेगावसारखे, आणि जिथून दगड येतो त्या जागेला दगडाचं नाव दिलं, एवढं सरळ आहे हे.