नाव कोणत्या वहीत?

ख्रिस्ती माणसाने एकाच चर्चला धरून राहावं का, या विषयावर आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. मी आयुष्यभर पाळक होतो, त्यामुळे माझा कल कुठे असणार हे तुम्ही आधीच ओळखलं असेल. तरी सगळी उत्तरं एकाच दिशेची नाहीत. आधी पत्र, मग माझं उत्तर, असा क्रम ठेवला आहे.

हिंजवडीत नोकरी करतो. घरच्यांचं सभासदत्व नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत. इथे रविवारी सकाळी जमलं तर सीएनआयला जातो, संध्याकाळी मित्रांबरोबर एका फेलोशिपला (तिथलं वर्शिप फार आवडतं), आणि बुधवारी तिसऱ्याच ग्रुपची प्रार्थना असते. आई म्हणते, "एक काहीतरी धर." एकाच चर्चचे सभासद व्हा असं बायबलमध्ये लिहिलंय कुठे?

कुठेही नाही. आईला एवढंच वाचून दाखवू नका, पुढचंही दाखवा.

नव्या करारात ही आज्ञा नाही, कारण हा प्रश्नच तेव्हा कुणाला पडला नव्हता. करिंथात राहणारा करिंथच्या मंडळीचा. रोममध्ये घराघरांतून मंडळ्या भरत, प्रिस्का आणि अक्विल्ला यांच्या घरच्या मंडळीला तर प्रेषित पौल सलाम सांगतो (रोम. १६:५), पण ज्याच्या घरी भाकर मोडायची, त्याच्याशीच रोजचा संबंध. आपल्या आज्या-पणज्यांचंही तसंच होतं. मिशनऱ्यांनी मुलूख वाटून घेतले होते: नगर-सोलापूरकडे अमेरिकन मराठी मिशन, कोल्हापूर-सांगलीकडे प्रेसबिटेरियन, जालन्याकडे स्कॉटिश, अकोला-अमरावतीकडे अलायन्स. तुमचं गाव ज्यांच्या वाट्याला, त्यांचे तुम्ही. त्या निष्ठेचं आपण फार कौतुक करतो, पण खरं सांगायचं तर पाच कोसांवर दुसरं चर्चच नव्हतं. तुमच्याकडे मोटारसायकल आहे, एवढाच फरक.

म्हणून मी "एकच धरा" हे वचन दाखवून सांगत नाही. पण नव्या करारातल्या पत्रांमधून मंडळीला जे करायला सांगितलंय ते बघा. एकमेकांची ओझी वाहा (गलती. ६:२). आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा (याकोब ५:१६). एकत्र मिळणे सोडू नका (इब्री १०:२५). यातलं शेवटचं तुम्ही आठवड्यातून तीनदा करता. पहिली दोन कुठे करता? ज्यांचं आडनाव ठाऊक नाही त्यांच्यापाशी कोण पाप कबूल करेल?

माझी कसोटी घरगुती आहे. लागोपाठ तीन रविवार तुम्ही दिसला नाहीत, तर या तिघांपैकी कुठून फोन येईल? व्हॉट्सॲपवरचा सगळ्यांना जाणारा निरोप नव्हे, "अरे, आहेस कुठे?" असा फोन. आणि उलट बाजूने: कोणाच्या घरी कोण आजारी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे? दोन्हींचं उत्तर एकच आलं तर तेच तुमचं चर्च, मग ते दगडी घंटाघराचं असो की दुकानावरच्या हॉलमधलं. दोन्हींचं उत्तर "कुठूनच नाही" असेल, तर आईचं बरोबर आहे.

फेलोशिप निवडलीत तर आधी तिथे तीन गोष्टी विचारा: हिशेब कोण तपासतं, पाळकाला जाब विचारणारं कोण आहे, आणि प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस) कोणाला देतात. वर्शिप चांगलं असल्याने ही उत्तरं आपोआप चांगली ठरत नाहीत. संध्याकाळचं गाणं मात्र सोडू नका, ते ऐकायला सभासद व्हावं लागत नाही.

बारा वर्षं पुण्यात आहे. दर रविवारी जवळच्या चर्चला जातो, दानही देतो. मे महिन्यात वडील वारले. दफनाची जागा मागायला गेलो तर कमिटीने विचारलं, "तुमचं नाव कुठे आहे?" यादीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत धावपळ, शेवटी जागा मिळाली. दानपेटीत पैसे चालतात आणि वडिलांना जमीन चालत नाही का?

तुमचा राग मला समजतो. त्या दुपारी कमिटीतल्या एकाने जरा मऊपणे बोलायला हवं होतं.

पण दुसरी बाजूही ऐका. दफनभूमी कुठे चर्चच्या ट्रस्टची असते, कुठे तीन-चार चर्चांच्या समितीची, कुठे महापालिकेची. शहरात जागा इतकी कमी की जुनी कबर उघडून त्याच कुटुंबातल्या दुसऱ्याला तिथे ठेवावं लागतं. मग कोण आपला आणि कोण आलेला, हे वहीवरूनच ठरतं. वहीत नाव नसलेल्यालाही जागा द्यावी असं माझं मत आहे, पण कमिटीवर मी नाही.

माझ्या पहिल्या मंडळीत कापडी पाठीची एक जुनी वही होती. सभासदाच्या नावासमोर शेवटच्या रकान्यात शाईने नोंद असे: "मुंबईस गेला, पत्र दिले." काही नावांपुढे नुसतं "गेला." पत्र दिलेल्यांचं पुढे काय झालं ते कळत असे, परळच्या किंवा भायखळ्याच्या मंडळीकडून "दाखल करून घेतले" असं उत्तर यायचं आणि ते त्याच पानाला टाचणीने टोचलेलं असायचं. नुसतं "गेला" असलेल्यांचा पुढचा माग त्या वहीत कुठेच नाही.

हे सभासदत्वाचं पत्र म्हणजे मिशनऱ्यांची कारकुनी नव्हे. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी रोमला निघाली तेव्हा तिचं स्वागत करा, तिला लागेल ती मदत करा, असं पौलाने पत्रात घातलं (रोम. १६:१-२). अपुल्लोस अखयाला निघाला तेव्हा इफिसच्या बंधूंनी तिकडच्या शिष्यांना लिहून कळवलं (प्रेषितांची कृत्ये १८:२७).

आता व्यवहाराचं. गावच्या पाळकसाहेबांकडून तुमचं, पत्नीचं, मुलांचं सभासदत्वाचं पत्र मागा. बाप्तिस्मा आणि दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) तारखा त्यात हव्यात. वर्गणी थकली असेल तर ती भरून टाका. ते पुण्याच्या पाळकांच्या हातात द्या आणि नाव चढल्याचं उत्तर गावी पाठवायला सांगा. आईचंही नाव चढवून घ्या. बोलायला जड जातं, पण चढवून घ्या.

रेव्हरंड ना. वा. टिळक आणि पंडिता रमाबाई यांची आपण पानंच्या पानं गातो. त्यांनी तरी एका चर्चला कुठे बांधून घेतलं होतं? मग आम्हालाच का उपदेश?

हे पत्र वाचून मी मोठ्याने हसलो. कोणीतरी हे विचारायलाच हवं होतं.

दोघांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला, अँग्लिकन चर्चमध्ये. पण चर्चची शिकवण ती चर्चची म्हणून मुकाट मान्य करणं त्यांना जमलं नाही. वाँटेजच्या भगिनींशी (नन्सशी) त्यांचा जो पत्रव्यवहार झाला त्यात हा झगडा आहे: तिकडून आज्ञापालनाचा आग्रह, इकडून "मी शास्त्र वाचून ठरवीन." पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं ते कुठल्याच एका पंथाचं नव्हतं. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. नंतर बावीसएक वर्षं अमेरिकन मराठी मिशनबरोबर काम करून १९१७ मध्ये ते मिशनमधून बाहेर पडले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. तिथे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसणार होते. दोनच वर्षांत ते गेले.

पण बाहेर पडल्यावर त्यांनी काय केलं? रमाबाई अँग्लिकन चर्चपासून सुटल्या त्या मोकळ्या फिरायला नाहीत. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलीबायकांबरोबर केडगावच्या माळावर त्या १९२२ मध्ये मरेपर्यंत राहिल्या. रोजची प्रार्थना, रोजचा स्वयंपाक, रोजची आजारपणं. इतकं घट्ट बांधलेलं माणूस मला मराठी ख्रिस्ती समाजात दुसरं दिसत नाही. टिळकांनाही मिशनच्या पगारातून सुटायचं होतं, माणसांतून नव्हे. दरबार म्हणजे नवी माणसं गळ्यात घालून घेणं. आपल्यापैकी बहुतेक जण चर्च सोडतात ते जबाबदारी कमी करायला. यांनी सोडलं ते जास्त घ्यायला. तुमचा बेत त्या जातीचा असेल तर माझा उपदेश बाजूला ठेवा.

मी वसईची कॅथलिक, नवरा नगरचा, सीएनआय. राहतो विरारला. एक रविवार माझा, एक त्याचा, असं चार वर्षं चाललंय. आता बाळ झालंय. बाप्तिस्मा कुठे द्यायचा? दोन्हीकडे दिला तर?

ताई, दोन्हीकडे नको. पाण्याने, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने दिलेला बाप्तिस्मा तुमचं चर्चही मानतं आणि त्यांचंही. तो एकदाच होतो. दुसऱ्यांदा देणं म्हणजे पहिला खोटा म्हणणं.

कुठे, याबाबत तुमच्यावर एक बंधन आहे, ते कदाचित लग्नाच्या घाईत विसरलं गेलं असेल. मिश्र विवाहाची परवानगी घेताना कॅथलिक बाजूने वचन दिलेलं असतं की मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा आणि शिकवण मिळावी म्हणून आपल्याकडून होईल ते सगळं करीन. नवऱ्याकडून वचन घेत नाहीत, त्यांना त्याची कल्पना दिलेली असते. म्हणजे त्यांच्याशी बोलल्याशिवाय सुटणारा हा प्रश्न नाही, आणि सासरच्यांसमोर तर मुळीच नाही. सीएनआयच्या बाजूला आणखी एक मोकळीक आहे: १९७० मध्ये सहा चर्चं एकत्र येऊन सीएनआय झाली तेव्हापासून तिथे बालबाप्तिस्माही चालतो आणि मोठेपणी विश्वासाने घेतलेलाही.

रविवारचं म्हणाल तर कॅथलिकांना मिस्सा (त्यांची मुख्य उपासना) कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये ऐकता येतो, पण धर्मग्राम (पॅरिश) राहत्या पत्त्यावरून ठरतो. बुधवारी माहीमच्या नोव्हेना प्रार्थनेला अर्धी मुंबई लोटते, म्हणून कोणी माहीमचा होत नाही. आणि नवऱ्याच्या उपासनेला गेलात म्हणून रविवारच्या मिस्साची जबाबदारी फिटत नाही. विरारसारख्या ठिकाणी शनिवार संध्याकाळची मिस्साही रविवारची धरतात. तुम्ही शनिवारी जाऊन रविवारी त्यांच्याबरोबर बसू शकता. प्रभुभोजन मात्र आपापल्या ठिकाणी. ते दुःख आहे, आणि आजच्या घडीला त्याला उपाय नाही.

बाळाला वाढताना दोन घरं चालतील. पण रविवार शाळा एकच ठेवा. एका शाळेत बायबलमधलं निर्गमाचं पुस्तक आणि दुसऱ्या शाळेत ख्रिसमसचं नाटक, असं करून मुलाला धड काहीच येत नाही.

आमच्या पाळकांनी व्यासपीठावरून सांगितलं की दुसऱ्या कुठल्याही चर्चला, अगदी लग्नालाही, जायचं नाही, दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) सगळा इथेच द्यायचा, आणि जो जाईल तो "आशीर्वादाच्या छत्राबाहेर" पडेल. एकनिष्ठा ती हीच का?

नाही.

"मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा" (१ करिंथ. १:१२) हे ऐकून पौल चिडला होता; आणि या भांडणात एक गट तर त्याच्याच नावाचा होता. तुमच्या पाळकांना ते नक्की ठाऊक आहे, कारण हे वचन प्रत्येकाने कधी ना कधी दुसऱ्याच्या विरोधात वापरलेलं असतं. माझ्यासकट.

दशमांशाबद्दल थोडक्यात: जिथे तुम्ही जेवता तिथे आधी द्या, पण पावती घ्या. पावती मागितल्यावर चेहरा उतरला तर बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मिळालीच.

आता काय करायचं? मत्तय १८ प्रमाणे आधी एकट्याने त्यांच्याकडे जा. मग मंडळीतले दोघे वडीलधारे घेऊन. दोन्ही वेळा काय बोलणं झालं ते घरी येऊन वहीत लिहा, तारीख घालून. धमकी, पैशाची लपवाछपवी किंवा कोणाच्या अंगाला हात लावण्याचा प्रकार असेल तर या पायऱ्यांची वाट पाहू नका. सरळ वरच्या मंडळाकडे, आणि गरज पडली तर पोलिसांत.

आणि नात्यातल्या लग्नाला जा. पुढच्या बाकावर बसा.