आलेखवहीत 0 आणि 1 भरणारी मुलगी

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. इंजिनिअरिंगच्या क्लासची फी भरली आहे, पण ती आलेखवही घेऊन बसते. पहिली ओळ आणि पहिला स्तंभ सगळे 1. पुढे प्रत्येक चौकोनासाठी डावीकडचा आणि वरचा आकडा मिळवायचा; बेरीज सम आली तर 0, विषम आली तर 1. त्रिकोणांची नक्षी उमटते. ‘मला हेच शिकायचंय’ म्हणते. यात पोट भरेल का? – एक वडील, जि. सांगली

सप्रेम नमस्कार.

आधी वहीबद्दल बोलू, कारण तिच्यात खरं गणित आहे. आपल्याकडचा मेरुप्रस्तार (पास्कलचा त्रिकोण, ज्यात प्रत्येक आकडा वरच्या दोन आकड्यांची बेरीज असतो) तिरका धरला आणि फक्त सम-विषम पाहिलं, की हीच नक्षी मिळते. ओळी आणि स्तंभ 0 पासून मोजा. 5 व्या ओळीतला 2 रा चौकोन घ्या. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून, 5 म्हणजे 101 आणि 2 म्हणजे 010. एकाखाली एक लिहिले तर 1 खाली 1 कुठेच येत नाही, म्हणून तिथे 1. त्याच ओळीतला 4 था चौकोन घ्या : 4 म्हणजे 100. पहिल्याच जागी 1 खाली 1 आला, म्हणून 0. लाखाव्या ओळीतला चौकोनसुद्धा असाच कळतो, मधलं काहीही न भरता. अंक जोडीजोडीने वाचून ‘अजून टक्कर नाही’ आणि ‘टक्कर झाली’ एवढंच लक्षात ठेवणारं दोन अवस्थांचं यंत्र त्याला पुरतं. याला फायनाईट ऑटोमॅटन म्हणतात. आणि गंमत बघा, सम-विषमऐवजी 6 ने भागून उरणारी बाकी मांडली, तर असं यंत्र बनूच शकत नाही, हे सिद्ध झालेलं आहे.

पोटाचं म्हणाल, तर मजकुरातला शोध, कंपायलर (प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर), चिपच्या आराखड्याची तपासणी या सगळ्यांत अशी यंत्रं, म्हणजे ऑटोमॅटा, लागतात. चिप तपासणीत नोकऱ्याही आहेत. संशोधनाची वाट मात्र लांब आहे. पीएचडी होईतो तिशी जवळ येते. त्या काळात विद्यावेतन मिळतं, पण घराला हातभार लागेल एवढं धरू नका. हे तिच्याशी आत्ताच मोकळेपणाने बोला.

माझं स्पष्ट मत : चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची बीएस्सी, गणित आणि संगणकशास्त्र, हा तिचा पहिला पर्याय असावा. तिथे जेईई लागत नाही, संस्थेची स्वतःची परीक्षा असते आणि तिच्यात सिद्धता लिहाव्या लागतात. बेंगळुरूच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचं बीमॅथ (गणिताची पदवी) आणि पुण्याचं आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) हेही अर्ज भरावेत असे आहेत. क्लास बंद करायची गरज नाही. फक्त संध्याकाळचा एक तास सिद्धता लिहिण्याच्या सरावाला राखून ठेवा, कारण क्लासमध्ये त्याची सवय होत नाही.

आणि तिला माझ्याकडून एक काम द्या. बेरजेला 3 ने भागून बाकी लिही, ओळ-स्तंभांचे क्रमांक तीनच्या पायात, म्हणजे फक्त 0, 1, 2 हे अंक वापरून, मांड आणि तीन अवस्थांचं यंत्र काढ. ते का चालतं, हे पानभर लिहून मला पाठव. मी वाट पाहतो.