‘आम्ही तर काहीच लादलं नाही’

दहावीचा निकाल लागला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे पालकांचा हा प्रश्न हमखास येतो: ‘आम्ही त्याला सांगितलंय, तुला हवं ते कर. तरी तो असा का वागतो? आमचं नकळत दडपण येतंय का?’ हाच प्रश्न घेऊन आलेल्या एका जोडप्याचा मुलगा गणितात पक्का, शेजारच्यांची मोटारसायकल खोलून बसणारा. आणि अचानक ‘कॉमर्सच घेणार’ म्हणून अडून बसला होता.

दडपण आहे का, असं थेट विचारलं तर सगळ्या घरांतून ‘छे’ एवढंच उत्तर येतं. म्हणून मी घरचा प्रभाव सुटासुटा करून बघते. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ नादिया फुआद आणि सहकाऱ्यांनी २०१० साली यासाठी २२ विधानांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिचे भाग चार: माहितीची मदत, घरच्यांच्या अपेक्षा, पैशाचं पाठबळ, मूल्यं आणि श्रद्धा. त्याच चार अंगांनी मी मराठीत साधी विधानं केली आहेत. त्यातून निदान होत नाही, माणसं बोलती होतात. विधान जितकं पटेल तितके जास्त, असे १ ते ६ गुण द्यायचे. मुलानं आणि पालकांनी वेगवेगळं बसून.

अपेक्षांच्या भागात दोघांचे गुण जवळपास सारखे. म्हणजे आईबाबा खरंच बोलत होते. घोळ निघाला पैशात. ‘माझ्या शिक्षणाचा खर्च घरचे उचलतील’ याला वडिलांनी दिले ६. मुलानं ५ लिहून खोडलं होतं आणि बाजूला २.

खोडलं का, ते एकट्याला विचारलं. ‘बाबा मला काही म्हणत नाहीत. पण रात्री आईशी बोलतात ना. घराचा हप्ता, आजीची औषधं. ताईच्या वेळी सायन्सच्या क्लासची फी किती होती, मला माहितीये.’

पठ्ठ्यानं काटकसर म्हणून कॉमर्स निवडलं होतं.

माहितीत तर तिघेही कच्चे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, हे कुणाला धड ठाऊक नव्हतं. सगळी भिस्त आत्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर!

त्याला विचारूनच दोन्ही कागद पालकांपुढे ठेवले. वडील आधी चिडले, ‘पोरानं आमच्या खिशाची काळजी कशाला करायची?’ मी म्हटलं, मग त्याला आकडा सांगा. वर्षाला किती झेपेल, खर्च कितीच्या पुढे गेला तर कर्ज काढावं लागेल. ‘तू काळजी करू नकोस’ म्हटल्यानं या वयाची मुलं उलट जास्त कान टवकारतात. वडिलांनी मोबाइलवर तिथेच हिशेब मांडला. मुलगा खुर्ची पुढे ओढून बसला आणि त्यातली एक चूकही त्यानं काढली.

डिप्लोमाचा फॉर्म भरलाय. आईच्या हट्टापायी अकरावी सायन्सचाही. त्यावरून मायलेकांची रोज जुंपते. तेवढी जुंपू दे, असं मी वडिलांना सांगितलंय.