एंडोस्कोपीत अन्ननलिकेत गाठ दिसली, पण डॉक्टरांनी बायोप्सी घेतलीच नाही. दुसरीकडे जाऊन करून घ्यावी का?

लगेच दुसरीकडे पळू नका. वरचं अस्तर गुळगुळीत असेल आणि गाठ खालून फुगलेली असेल, तर चिमट्याने तुकडा घेणं बरेच डॉक्टर मुद्दाम टाळतात. हाती नुसतं अस्तर येतं आणि रिपोर्ट 'नॉर्मल'. वर तिथे व्रण धरून अस्तर गाठीला चिकटलं, तर पुढे गाठ सोलून काढताना अन्ननलिकेला भोक पडायची भीती.

आईच्या वेळी अगदी हेच झालं. घास छातीत अडकायचा, भाकरी सुटली, मऊ भातावर आली होती. बायोप्सी नाही म्हटल्यावर मामांनी घर डोक्यावर घेतलं. आधी 'डॉक्टर काहीतरी लपवतायत', आणि ईयूएस करून सुईने नमुना घ्यायचं ठरलं तेव्हा 'सुई लावली की कॅन्सर पसरतो'. माणसाने एक काहीतरी धरावं ना!

ईयूएस म्हणजे एंडोस्कोपच्या टोकाला सोनोग्राफी. गाठ चौथ्या, म्हणजे स्नायूच्या थरात निघाली. आता लायोमायोमा (स्नायूची साधी, कॅन्सर नसलेली गाठ) की जिस्ट (कॅन्सरसारखी वागू शकणारी गाठ)? दोन्हींच्या पेशी लांबट, नुसत्या बघून खात्री देत नाहीत, म्हणून आयएचसी, म्हणजे पेशींतली ठराविक प्रथिनं रंगवून ओळखायची तपासणी. आईचं डेस्मिन हे स्नायूचं प्रथिन पॉझिटिव्ह, जिस्टमध्ये दिसणारी सीडी ११७ आणि डॉग-१ निगेटिव्ह. लायोमायोमा, साधी गाठ. जठरात जिस्ट जास्त सापडतात, अन्ननलिकेत लायोमायोमा. जिस्ट असती तर ऑपरेशनचा बेत बदलला असता, कदाचित इमॅटिनिब या कॅन्सरच्या औषधाच्या गोळ्याही आल्या असत्या. आईची गाठ छातीतून दुर्बिणीने सोलून काढली, अन्ननलिका कापावी लागली नाही.

मामा अजून लग्नकार्यात ऐकवतात, 'सुई टोचली नसती तर ऑपरेशनच लागलं नसतं.' अहो मामा, घास उतरत नव्हता म्हणून ऑपरेशन केलं! घास अडकायला लागला आधी, सुई नंतर.

हां, एक राहिलंच. अस्तरावर जखम असेल किंवा वजन उतरत असेल तर वरचं सगळं विसरा, तिथे बायोप्सी हवीच आणि उशीर नको. उलट गाठ लहान आणि त्रास काहीच नसेल तर नुसती नजरेखाली ठेवतात. तुम्ही आकार लिहिलेला नाही. रिपोर्टमध्ये 'सबम्युकोसल', म्हणजे अस्तराखालची, असं लिहिलं असेल तर ईयूएसचं विचारा, नमुना घेतला तर ब्लॉक (मेणात बसवलेला नमुना) आणि स्लाइड (त्याच्या काचपट्ट्या) मागून ठेवा, दुसरं मत घ्यायचं तर त्याच मागतात. आणि केबिनमध्ये शिरताना घरातल्या मामांना बाहेर बसवा.